विश्लेषण : घरातल्या श्वानाला मधुमेह झाला तर? इन्सुलिनचे शोधकर्ते बँटिंग यांचे आयुष्य काय सांगते?

१४ नोव्हेंबर हा आपल्याकडे बालदिन. जगभर हाच दिवस जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळला जातो, कारण इन्सुलिनचे शोधकर्ते सर फ्रेडरिक बँटिंग यांचा तो जन्मदिवस. इन्सुलिनमुळे कोट्यवधी माणसे जगली हे सर्वश्रुत आहे. मात्र या औषधाने सर्वप्रथम आयुष्य वाढवले ते कुत्र्यांचे, ही बाब फारशी सांगितली जात नाही. आज घरातल्या लॅब्राडोरला किंवा पॉमेरेनियनला मधुमेह निघाला की घरचे हबकतात. रोज दोन इंजेक्शने आपल्याला देता येतील का, प्राण्याचे हाल तर होणार नाहीत ना, असे प्रश्न पडतात. त्यांची बरीचशी उत्तरे शंभर वर्षांपूर्वीच्या टोरंटोमधील एका प्रयोगशाळेत आणि बँटिंग यांच्या खडतर आयुष्यात सापडतात.

श्वानांचा मधुमेह माणसांपेक्षा वेगळा कसा?

आपल्या आजूबाजूला मधुमेह असलेल्या बहुतेक मोठ्या माणसांचे शरीर इन्सुलिन तयार करते, पण ते पुरेसे पडत नाही किंवा नीट काम करत नाही. त्यामुळे आहार, व्यायाम आणि गोळ्या यांवर अनेकांचे भागते. कुत्र्यांमध्ये बहुतेक वेळा स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात. त्यामुळे माणसांच्या गोळ्यांचा त्यांना सहसा उपयोग होत नाही, इन्सुलिनच द्यावे लागते आणि तेही बहुधा आयुष्यभर. हा आजार मुख्यत्वे मध्यमवयीन व वृद्ध कुत्र्यांत दिसतो. नसबंदी न केलेल्या माद्यांमध्ये त्याचे प्रमाण अधिक असते, कारण माजानंतर वाढणारी संप्रेरके इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात. स्वादुपिंडाला वारंवार येणारी सूज आणि खाज किंवा अॅलर्जीसाठी दीर्घकाळ दिलेली स्टेरॉइड्स हीदेखील कारणे ठरू शकतात.

लक्षणे घरातच दिसू लागतात. कुत्रे सतत पाणी पिते, वारंवार लघवी करते, भरपूर खाते आणि तरीही वाळत जाते. रक्तातील साखर साधारण १८० ते २२० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेली की मूत्रपिंडाला ती अडवता येत नाही. साखर लघवीत उतरते आणि सोबत पाणी ओढून नेते. कालपर्यंत शहाण्यासारखे बाहेर जाणारे कुत्रे मग घरात लघवी करू लागते आणि अनेक घरांत त्याला त्यासाठी ओरडाही बसतो. प्रत्यक्षात ती खोडी नसते, आजाराची पहिली खूण असते. दिवसाला दर किलो वजनामागे १०० मिलिलिटरहून अधिक पाणी, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याने एक लिटरहून जास्त पाणी पिणे, हे तपासणी करून घेण्यास पुरेसे कारण आहे. उपचार लांबले तर डोळ्यांत मोतीबिंदू वेगाने वाढतो आणि काही महिन्यांत दृष्टी जाऊ शकते.

बँटिंग कोण होते?

फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी कॅनडातील ओंटारियो प्रांतातल्या अ‍ॅलिस्टन या गावाजवळच्या शेतावर झाला. पाच भावंडांत ते सर्वात धाकटे. शेतीची कामे आणि गुरेढोरे यांच्यातच ते वाढले. अभ्यासात त्यांनी कधी चमक दाखवली नाही. १९१० मध्ये टोरंटो विद्यापीठात कला शाखेला प्रवेश घेतला, पण पहिल्याच वर्षी ते नापास झाले. १९१२ मध्ये ते वैद्यकीय शिक्षणाकडे वळले. पहिले महायुद्ध सुरू होताच त्यांनी सैन्यात जाण्याचा प्रयत्न केला, तेव्हा अधू दृष्टीमुळे त्यांना नाकारण्यात आले. पुढे डॉक्टरांची गरज वाढली, अभ्यासक्रम आटोपता घेतला गेला आणि १९१६ च्या अखेरीस पदवी मिळवून ते सैन्याच्या वैद्यकीय दलात दाखल झाले. सप्टेंबर १९१८ मध्ये फ्रान्समधील कांब्रेच्या लढाईत तोफगोळ्याचा तुकडा लागून त्यांचा हात जखमी झाला. त्याही अवस्थेत ते कित्येक तास इतर जखमींवर उपचार करत राहिले. या शौर्याबद्दल त्यांना मिलिटरी क्रॉस देण्यात आला.

युद्धानंतर टोरंटोतील मुलांच्या रुग्णालयात त्यांनी शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण घेतले, पण कायमची नोकरी मिळाली नाही. १९२० च्या जुलैमध्ये त्यांनी ओंटारियोमधल्याच लंडन या शहरात दवाखाना थाटला. रुग्ण फिरकेनात. पहिल्या महिन्याची कमाई झाली चार डॉलर. घराचे कर्ज डोक्यावर होते आणि वाग्दत्त वधूशी संबंध ताणले गेले होते. पोट भरण्यासाठी स्थानिक वैद्यकीय महाविद्यालयात ते तासांवर शिकवू लागले. नोबेल पुरस्काराच्या तीन वर्षे आधीची ही त्यांची स्थिती होती.

३१ ऑक्टोबर १९२० च्या रात्री काय घडले?

स्वादुपिंड आणि मधुमेह यांचा संबंध तोवर कळला होता आणि तो कळला होता कुत्र्यांमुळेच. १८८९ मध्ये स्ट्रासबर्ग येथे ऑस्कर मिन्कोव्स्की आणि योसेफ फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले, तेव्हा त्याच्या लघवीत साखर उतरू लागली. स्वादुपिंडात साखरेवर नियंत्रण ठेवणारे काही तरी असते, हे त्यातून सिद्ध झाले. ते वेगळे काढण्यासाठी त्यानंतर तीसेक वर्षे अनेकांनी धडपड केली. अडचण अशी की, अन्न पचवणारे तीव्र पाचकरसही याच ग्रंथीत तयार होतात. ग्रंथी वाटून अर्क काढला की हे रस हव्या असलेल्या द्रव्याचाच नाश करत असावेत, असा तर्क होता.

विद्यार्थ्यांना शिकवण्याची तयारी म्हणून बँटिंग यांनी त्या रात्री वैद्यकीय नियतकालिकातला एक लेख वाचला. स्वादुपिंडाची नलिका खड्याने बंद झाली की पाचकरस तयार करणारा भाग सुकतो आणि साखरेशी संबंधित पेशींचे पुंजके मात्र टिकतात, असे त्यात नमूद होते. बँटिंग यांना झोप लागेना. रात्री दोनच्या सुमारास उठून त्यांनी वहीत २५ शब्दांचे टिपण केले. कुत्र्याची नलिका बांधायची, पाचकरसाचा भाग सुकू द्यायचा आणि उरलेल्या भागातून अर्क काढायचा, असा तो बेत होता. त्या टिपणात मधुमेह या इंग्रजी शब्दाचे स्पेलिंगही चुकले आहे. मधुमेहाचा विशेष अभ्यास नसलेल्या एका कर्जबाजारी शल्यचिकित्सकाची ती कल्पना होती.

टोरंटोच्या उन्हाळ्यात काय साधले?

नोव्हेंबर १९२० मध्ये बँटिंग टोरंटो विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक जॉन मॅक्लाउड यांना भेटले. मॅक्लाउड या विषयातले जाणकार होते, म्हणूनच साशंकही होते. तरी त्यांनी उन्हाळी सुट्टीत प्रयोगशाळेची खोली, दहा कुत्री आणि एक विद्यार्थी मदतनीस देण्याचे मान्य केले. दोन विद्यार्थ्यांत नाणेफेक झाली आणि २२ वर्षांचे चार्ल्स बेस्ट आधी रुजू झाले. पुढेही तेच राहिले.

१७ मे १९२१ रोजी काम सुरू झाले. खोली कोंदट होती आणि उकाडा भयंकर होता. शस्त्रक्रियेनंतर कुत्री संसर्गाने व रक्तस्रावाने दगावू लागली. पहिली दहा कुत्री लवकरच अपुरी पडली. बँटिंग यांनी पदरचे पैसे घालून बाहेरून आणखी कुत्री मिळवली, खर्चासाठी आपली मोटारही विकली.

३० जुलै रोजी ४१० क्रमांकाच्या पांढऱ्या टेरियर कुत्र्याला पहिल्यांदा अर्क टोचण्यात आला. तासाभरात त्याची रक्तशर्करा सुमारे २०० वरून १२० मिलिग्रॅमवर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मरण पावला, पण अर्क काम करतो हे दिसले होते. ऑगस्टमध्ये दोन कुत्र्यांची स्वादुपिंडे एकाच दिवशी काढण्यात आली. अर्क न दिलेले कुत्रे चार दिवसांत गेले. अर्क मिळालेली ९२ क्रमांकाची पिवळसर कोली जातीची कुत्री मात्र प्रयोगशाळेत हिंडत-फिरत राहिली. तिने बँटिंग यांना लळा लावला होता. अर्काचा साठा संपत गेला तशी ती खंगली आणि २० दिवसांनी, ३१ ऑगस्टला मरण पावली. युद्धात मृत्यू जवळून पाहिलेल्या बँटिंग यांना तिच्या जाण्याने रडू आवरले नाही.

घरी मधुमेही कुत्रा सांभाळणाऱ्यांना या दोन प्राण्यांच्या गोष्टीतून एक गोष्ट उमजते. साखर एकदा खाली आली म्हणजे आजार बरा झाला असे नव्हे. इन्सुलिनचा परिणाम काही तासांचाच असतो. कुत्रा टवटवीत दिसू लागला म्हणून इंजेक्शन परस्पर थांबवले, तर काही दिवसांत तो पुन्हा खंगतो. शरीर साखरेऐवजी चरबी जाळू लागते आणि रक्तात आम्लद्रव्ये साठतात. उलट्या, गळून जाणे, अन्न नाकारणे आणि श्वासाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास ही त्याची चिन्हे आहेत. अशा वेळी घरी वाट न पाहता तातडीने पशुवैद्यकाकडे जावे लागते.

मार्जरीचे ७० दिवस महत्त्वाचे का?

सप्टेंबरमध्ये मॅक्लाउड परतल्यावर पगार आणि सुविधांवरून दोघांत खटके उडाले. बँटिंग शीघ्रकोपी होते आणि आपले श्रेय कोणी तरी हिरावून घेईल ही भीती त्यांच्या मनात कायम होती. काम मात्र पुढे सरकले. नलिका बांधून आठवडे न् आठवडे थांबण्याची गरज नाही, हे लक्षात आले. शेतावर वाढलेल्या बँटिंग यांना खाटिकखान्यात मिळणाऱ्या न जन्मलेल्या वासरांच्या स्वादुपिंडाचा उपयोग सुचला. पुढे अल्कोहोलच्या साह्याने मोठ्या गुरांच्या स्वादुपिंडातूनही अर्क काढता येऊ लागला. जी कल्पना घेऊन ते रात्री उठले होते, तीच अशा रीतीने अनावश्यक ठरली.

याच काळातली ३३ क्रमांकाची कुत्री म्हणजे मार्जरी. १८ नोव्हेंबर १९२१ रोजी तिचे स्वादुपिंड काढले गेले आणि अर्काच्या नियमित इंजेक्शनांवर ती ७० दिवस जगली. हे पुरते खात्रीचे करण्यासाठी शवविच्छेदन आवश्यक होते, म्हणून २७ जानेवारी १९२२ रोजी तिला मारण्यात आले. अर्कावर प्राणी दीर्घकाळ जगू शकतो, याचा तो सर्वात ठोस पुरावा होता.

मार्जरीची निगा आणि आजच्या घरातली निगा यांचे सूत्र एकच आहे, ते म्हणजे ठरलेल्या वेळी इंजेक्शन, साखरेची मोजणी आणि प्रत्येक गोष्टीची नोंद. बहुतेक मधुमेही कुत्र्यांना १२ तासांच्या अंतराने दिवसातून दोनदा इन्सुलिन देतात. सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला असे घरातल्या सगळ्यांना जमेल ते वेळापत्रक ठरवावे आणि सुट्टीच्या दिवशीही ते पाळावे. आधी खाणे, मग इंजेक्शन, हा क्रम सोयीचा, कारण कुत्रा जेवला याची खात्री होते. दोन्ही वेळचे अन्न एकाच प्रकारचे आणि मोजून एवढेच द्यावे. मधल्या वेळची बिस्किटे, दूध-पोळी, सणासुदीचे गोडधोड, तळलेले आणि मटणाची चरबी हे बंद. चरबीयुक्त खाण्याने स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. पाणी मात्र कधीही तोडू नये. ते लघवीत जाणारे पाणी भरून काढत असते.

अर्क माणसापर्यंत कसा पोहोचला?

डिसेंबर १९२१ मध्ये जेम्स कोलिप हे जीवरसायनतज्ज्ञ गटात आले. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरंटो जनरल रुग्णालयात १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला बँटिंग आणि बेस्ट यांनी तयार केलेला अर्क टोचण्यात आला. साखर थोडी उतरली, पण अर्क अशुद्ध असल्याने टोचल्या जागी गळू झाले आणि प्रयोग थांबवावा लागला. कोलिप यांनी दिवसरात्र खपून शुद्ध अर्क मिळवला. २३ जानेवारीपासून तो दिला गेला आणि मुलगा सावरला. पुढे १३ वर्षे जगून १९३५ मध्ये तो न्यूमोनियाने गेला. त्याआधी मधुमेही मुलांसाठी जवळपास उपाशी ठेवणारा आहार हाच एक उपचार होता. ऑगस्ट १९२२ मध्ये बँटिंग यांच्याकडे आणलेली एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी १५ वर्षांची होत आली होती आणि तिचे वजन जेमतेम २० किलो होते. ती १९८१ पर्यंत जगली.

शोधाच्या पेटंटचा हक्क बँटिंग, बेस्ट आणि कोलिप यांनी टोरंटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला दिला. जीव वाचवणाऱ्या औषधावर डॉक्टराने नफा कमवू नये, ही बँटिंग यांची भूमिका होती.

साखर फार उतरली तर काय?

इन्सुलिनचा दुसरा चेहरा कोलिप यांना सशांमध्ये दिसला. अर्क जास्त झाला की ससे झटके येऊन कोसळत आणि ग्लुकोज टोचले की उठून बसत. इन्सुलिनचे सुरुवातीचे युनिटही सशांवरूनच ठरवले गेले. उपाशी सशाची साखर झटके येण्याच्या पातळीपर्यंत उतरवणाऱ्या मात्रेचा त्यासाठी आधार घेण्यात आला. म्हणजेच औषध मोजण्याचे माप मुळात त्याच्या धोक्यावरून तयार झाले.

घरी इन्सुलिन देताना सर्वाधिक भीती याच धोक्याची बाळगावी. साखर थोडी जास्त राहिली तर एखाददुसऱ्या दिवसात अनर्थ होत नाही, पण ती फार उतरली तर काही मिनिटांत होऊ शकतो. कुत्रा अचानक सुस्त होणे, लडखडणे, थरथरणे, गोंधळल्यासारखा वागणे आणि शेवटी झटके येणे, ही त्याची लक्षणे आहेत. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर लगेच खायला द्यावे. तसे नसल्यास मध किंवा साखरेचा दाट पाक बोटाने हिरड्यांवर चोळावा आणि ताबडतोब पशुवैद्यकाला फोन करावा. बेशुद्ध कुत्र्याच्या तोंडात पाणी किंवा पाक ओतू नये, तो श्वासनलिकेत जातो. झायलिटॉल असलेले साखरमुक्त पदार्थ तर कुत्र्यांसाठी विषच, ते घरात असतील तर त्याच्या आवाक्याबाहेर ठेवावेत.

कुत्र्याने अन्नाला तोंड लावले नाही किंवा उलटी केली, तर नेहमीची मात्रा टोचून मोकळे होऊ नये. आधी डॉक्टरांना विचारावे. घरातल्या एकाने इंजेक्शन दिले आणि दुसऱ्याने ते न कळून पुन्हा दिले, असेही घडते. फ्रिजवर कागद चिकटवून प्रत्येक वेळी खूण करणे हा त्यावरचा सोपा उपाय. इंजेक्शन देताना कुत्रा हलला आणि औषध किती गेले याची शंका आली, तर पुन्हा टोचू नये. पुढच्या वेळेपर्यंत थांबलेले बरे.

मात्रा मोजताना चूक कुठे होते?

भारतात इन्सुलिन एका मिलिलिटरला ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन्ही तीव्रतांत मिळते. त्यांच्या सिरिंजही वेगवेगळ्या असतात. सर्वसाधारणपणे ४० युनिटच्या सिरिंजचे टोपण लाल, तर १०० युनिटच्या सिरिंजचे नारिंगी असते. कुत्र्यांसाठीचे खास इन्सुलिन ४० युनिटचे असते. १०० युनिटचे औषध ४० च्या सिरिंजमध्ये भरले तर कुत्र्याला अडीच पट मात्रा जाते. उलट केले तर अडीच पट कमी पडते. औषधाच्या दुकानातून नवी सिरिंज आणली की बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा ताडून पाहणे ही सवयच हवी.

कुत्र्यांसाठीचे हे इन्सुलिन डुकराच्या स्वादुपिंडातून मिळवलेले असते. डुकराचे आणि कुत्र्याचे इन्सुलिन रचनेने तंतोतंत सारखे असते, मानवी इन्सुलिनमध्ये एका अमिनो आम्लाचा फरक असतो. काही कुत्र्यांना मानवी इन्सुलिनही दिले जाते, पण कोणते आणि किती हे डॉक्टरांनीच ठरवावे. घरातल्या आजोबांची बाटली कुत्र्यासाठी वापरणे धोक्याचे आहे.

बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. गोठलेले किंवा उन्हात तापलेले औषध टाकून द्यावे. बाटली हलवायची की तळहातांवर हलकेच फिरवायची, हे प्रकारानुसार बदलते. त्यासाठी माहितीपत्रक पाहावे. छातीच्या बाजूची सैल कातडी चिमटीत धरून तंबूसारखी उचलायची आणि तिच्या तळाशी सुई टोचायची. रोज जागा थोडी बदलायची. सुई अत्यंत बारीक असल्याने खाण्याकडे लक्ष असलेल्या कुत्र्याला ती बहुधा जाणवतही नाही. पहिल्या आठवड्यात हात थरथरतो तो माणसाचा.

घरी साखर मोजावी का?

बँटिंग आणि बेस्ट यांना दर मोजणीसाठी रक्त काढून रासायनिक परीक्षण करावे लागे. आज कानाच्या कडेला किंवा ओठाच्या आतल्या बाजूला टोचून मिळालेल्या थेंबावर ग्लुकोमीटर काही सेकंदांत आकडा देतो. माणसांसाठीचे मीटर कुत्र्याची साखर बऱ्याचदा प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतात, त्यामुळे कोणते यंत्र वापरायचे ते डॉक्टरांना विचारून ठरवावे. मात्रा बदलल्यानंतर साधारण आठवडाभराने दर दोन तासांनी १२ तास साखर मोजून तिचा आलेख काढतात. दवाखान्यात कुत्रा घाबरला की साखर चढते, म्हणून घरी घेतलेला आलेख अनेकदा अधिक खरा ठरतो. मात्र एखादा आकडा जास्त आला म्हणून घरच्यांनी स्वतःच मात्रा वाढवू नये. मीटर नसले तरी रोज किती पाणी प्यायला, किती खाल्ले आणि आठवड्याचे वजन किती, एवढी वहीदेखील डॉक्टरांना पुष्कळ सांगते. नसबंदी न झालेल्या मादीची शस्त्रक्रिया लवकर करून घ्यावी. त्यानंतर काही माद्यांचा मधुमेह आटोक्यात येतो, क्वचित मागेही हटतो.

नोबेलनंतर बँटिंग यांचे काय झाले?

१९२३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल बँटिंग आणि मॅक्लाउड यांना जाहीर झाले. बँटिंग तेव्हा ३२ वर्षांचे होत आले होते. वैद्यकशास्त्रात इतक्या लहान वयात हा मान आजवर दुसऱ्या कोणाला मिळालेला नाही. बेस्ट यांना वगळले म्हणून ते संतापले आणि आपली अर्धी रक्कम त्यांनी बेस्ट यांना दिली. मॅक्लाउड यांनी आपली अर्धी रक्कम कोलिप यांना दिली. श्रेयाचा वाद तिथेच संपला नाही. रुमानियातील निकोलाय पाउलेस्कु यांनीही कुत्र्यांवरील अशाच प्रयोगांचे निष्कर्ष १९२१ मध्ये प्रसिद्ध केले होते. त्यांची पुरेशी दखल घेतली गेली नाही, असे अनेक इतिहासकार मानतात.

प्रसिद्धी बँटिंग यांना मानवली नाही. १९२४ मध्ये झालेले पहिले लग्न १९३२ मध्ये मोडले. मनाला विसावा मिळे तो चित्रकलेत. ए. वाय. जॅक्सन या चित्रकार मित्रासोबत ते १९२७ मध्ये थेट आर्क्टिकपर्यंत चित्रे काढत गेले. १९३४ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. खाणकामगारांना जडणारा सिलिकोसिस आणि नंतर वैमानिकांच्या आरोग्याचे प्रश्न, असे त्यांचे संशोधन चालू राहिले. दुसऱ्या महायुद्धात कामानिमित्त इंग्लंडला निघालेले त्यांचे हडसन विमान न्यूफाऊंडलंडमध्ये कोसळले आणि २१ फेब्रुवारी १९४१ रोजी वयाच्या ४९ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. लंडन, ओंटारियोमधील त्यांच्या घराबाहेर १९८९ पासून एक ज्योत तेवत आहे. मधुमेह समूळ बरा करणारा उपाय सापडेल, तेव्हाच ती विझवायची आहे.

या साऱ्याचा आजच्या श्वानपालकांशी संबंध काय?

मधुमेहाचे निदान झाल्यावर काही घरांत कुत्र्याला कायमचे झोपवण्याचा विचार होतो, काही कुत्री रस्त्यावर सोडली जातात. आजाराच्या भीतीपेक्षा रोजच्या बांधिलकीची भीती त्यामागे मोठी असते. ती अनाठायी नाही. खर्च आहे, प्रवासावर मर्यादा येतात, कुत्रा कोणाकडे ठेवायचा तर त्यालाही टोचणे शिकवावे लागते. पण पहिले काही महिने निभावले आणि मात्रा बसली की अनेक मधुमेही कुत्री पुढे कित्येक वर्षे चांगली जगतात.

टोरंटोतील कुत्र्यांना मधुमेह माणसाने दिला होता. त्यांनी निवड केली नव्हती आणि त्यांच्यापैकी एकही त्या उन्हाळ्यानंतर फार काळ जगले नाही. ४१० क्रमांकाला एक दिवस मिळाला, ९२ ला २० आणि मार्जरीला ७०. त्या दिवसांतून जे औषध आले ते आज कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मिळते आणि ते देण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. लागते ती एक वही, एक घड्याळ आणि रोज दोन वेळा काही मिनिटे. घरातल्या कुत्र्याला ती देणे ही त्या जुन्या कर्जाची अंशतः परतफेडच आहे.